गिरणगाव : साहित्य व संगीतातील उल्लेख

मुंबईतील परळ, लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड, लोअर परळ व वरळी या कापडगिरण्यांच्या वस्त्यांना मिळून गिरणगाव हे लोकनाम रूढ झाले. महानगरपालिकेच्या विभागरचनेत या नावाची हद्द आढळत नाही. वस्तीने स्वतःला दिलेले हे नाव असून ते प्रामुख्याने बोलण्यात, गाण्यात व लेखनात टिकून आहे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली व १८५६ मध्ये तीत उत्पादन सुरू झाले. पुढे गिरण्या उत्तरेकडे पसरत गेल्या. त्यापूर्वी परळ हे कोटाबाहेरचे मोकळे उपनगर होते. तेथे गव्हर्नरचा निवास असे व त्याच वास्तूत पुढे हाफकिन संस्था आली. या शांत उपनगराचे कामगारवस्तीत झालेले रूपांतर हेच येथील वाङ्मयाचे मूळ होय.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे आदी भागांतून आलेल्या कामगारांनी ही वस्ती भरली. त्यांतील बहुतेक पुरुष एकटे असत. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणे आणि खानावळवालीकडे जेवणे हा त्यांचा नित्यक्रम होता. बायकामुले गावी असत. घर दोन ठिकाणी विभागले गेल्याने येथील गीतांचा कायमचा विषय विरह हा झाला. याची दुसरी बाजू गावाकडील जात्यावरच्या ओव्यांत दिसते. मुंबईला गेलेला भाऊ किंवा नवरा, त्याचे न येणारे पत्र, त्याने पाठविलेले लुगडे आणि त्याला गिळणारी गिरणी हे ओव्यांचे विषय आहेत. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांच्या पुढाकाराने झालेल्या ओव्यांच्या विस्तृत संकलनामुळे हे साहित्य अभ्यासकांस उपलब्ध झाले. गिरणगावचे वाङ्मय केवळ मुंबईत रचले गेले, असे मानणाऱ्यांनी या ओव्या अवश्य पाहाव्यात.

चाकरमान्यांनी आपापल्या गावची गायनपरंपराही सोबत आणली. कोकणातील जाखडी ऊर्फ बाल्या नाच, नमन-खेळे, दशावतार व शक्ती-तुऱ्याचे सामने परळ-लालबागमध्ये नियमित होत. घाटावरील मंडळींनी वारकरी भजन आणले, तर कोकणातील मंडळींत दोन बुवांमध्ये रंगणारी डबलबारी लोकप्रिय झाली. पेटी, पखवाज व झांजा एवढ्या सामग्रीवर चाळीच्या पटांगणात रात्र जागविली जाई. पहाटेच्या पाळीवर जाणारा गायक भोंगा होताच उठून जाई. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमीचे प्रयोग होत. या नाट्यगृहाची उभारणी १९२२ मध्ये सोशल सर्व्हिस लीगच्या कार्यातून झाली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेली ही संस्था कामगारांच्या रात्रशाळा व वाचनालयेही चालवीत असे. गणेशोत्सवातील मेळे व नंतरच्या बँजो पार्ट्या हीदेखील याच भूमीची निर्मिती होय. दुर्दैवाने या रचनांपैकी फारच थोड्या छापल्या गेल्या. बहुतेक पदे बुवांच्या वह्यांत राहिली व वह्यांबरोबर गेली.

गिरणगावास वाङ्मयीन आवाज मिळाला तो शाहिरीमुळे. १९२८ च्या सार्वत्रिक संपानंतर डाव्या कामगार चळवळीने येथे मूळ धरले. त्या चळवळीतून १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९), अमर शेख (१९१६–१९६९) व द. ना. गव्हाणकर हे त्याचे आधारस्तंभ होते. अण्णाभाऊंची रचना, अमर शेखांचा मैदानभर पोचणारा पहाडी आवाज व गव्हाणकरांची साथ यांमुळे परळच्या कामगार मैदानातील सभेला भाषणाइतकेच गाण्यासाठी लोक जमत. तमाशातील गण-गौळणीचा साचा बदलून अण्णाभाऊंनी त्यात शेतकरी, सावकार, मुकादम व मालक ही पात्रे आणली. शासनाने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली असता तमाशाच्या या नव्या रूपाला ‘लोकनाट्य’ हे नाव अधिक रूढ झाले.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी मुंबईवर लावणी रचली होती. तीत बाहेरून आलेल्या रसिकाचे नवल आहे. शहराची श्रीमंती, रस्ते व रोषणाई यांचे ते वर्णन आहे. अण्णाभाऊंची ‘मुंबईची लावणी’ तोच विषय घेते, मात्र ती कामगाराच्या खोलीच्या दारातून शहर पाहते आणि श्रीमंतीशेजारी दारिद्र्य मांडते. एकाच रचनाप्रकारातील या दोन लावण्या शेजारी ठेवून वाचल्या, तर अर्धशतकात मुंबईकडे पाहण्याची मराठी दृष्टी किती बदलली ते कळते.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात (१९५६–६०) सर्वतोमुखी झाली. मुंबईस पोटासाठी आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीचे रूपगुण आठवतो, असा तिचा आरंभ आहे. नंतर गिरणीच्या शहरातील त्याचे हाल येतात आणि शेवटी हा विरह बेळगाव, कारवार आदी दुरावलेल्या मराठी मुलखाचा होतो. घरातील व्यथा आणि राजकीय मागणी यांचा इतका सहज सांधा दुसऱ्या प्रचारगीतात क्वचितच साधला असेल. ज्या श्रोत्यांपुढे ती गायिली जाई, त्यांच्या बहुतेकांच्या मैना खरोखरच गावी होत्या, हे तिच्या परिणामाचे कारण विसरता येत नाही.

कादंबरी व नाटक या क्षेत्रांत गिरणीचा प्रवेश मामा वरेरकर (१८८३–१९६४) यांनी घडविला. त्यांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी व ‘सोन्याचा कळस’ हे नाटक गिरणीमालक व कामगार यांच्या संघर्षावर आहे. दोन्हींत सुधारकाची तळमळ आहे, पण कामगाराची भाषा नाही. याच काळात प्रेमचंदांच्या कथेवरील ‘मिल’ ऊर्फ ‘मजदूर’ (१९३४) हा हिंदी चित्रपट तयार झाला व मुंबईत त्यावर बंदी आली. पुढे भाऊ पाध्ये (१९२६–१९९६) यांनी कामगार चळवळीतील प्रत्यक्ष अनुभवांतून ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०) ही कादंबरी लिहिली. पुढाऱ्यांचे हेवेदावे दाखविण्यास ते कचरले नाहीत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मुळे मराठी वाचकाच्या मनात चाळ म्हणजे गिरगावातील मध्यमवर्गाची हसरी चाळ असे समीकरण बसले. गिरणगावची चाळ त्याच आकाराची असली, तरी तेथे खोलीत माणसे तीन पाळ्यांत राहत होती. हा फरक वाङ्मयेतिहासात पुरेसा नोंदविला गेलेला नाही.

कवितेत गिरणगावाचे नाव नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला ते अर्भकावस्थेत सापडले. त्याने व त्याची पत्नी काशीबाई हिने त्यांना वाढविले. हे जोडपे कोकणात परतल्यावर सुर्वे मुंबईत एकटे राहिले. पडेल ती कामे करीत ते महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई व नंतर शिक्षक झाले. ‘डोंगरी शेत’ हे त्यांचे आरंभीचे गीत चळवळीत गायिले गेले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘जाहीरनामा’ (१९७५) व ‘सनद’ (१९८२) हे त्यांचे महत्त्वाचे संग्रह. सुर्व्यांच्या कवितेत कामगार हा कणव करण्याचा विषय राहत नाही. तो स्वतः बोलतो, चिडतो, थट्टाही करतो. शाळेत मुलाचे नाव घालावयास आलेली वेश्या, संपाच्या सभेत भेटलेला मार्क्स, पोस्टर चिकटविणारी पोरे ही माणसे त्यांनी वस्तीच्या बोलीनिशी कवितेत आणली. शाहिरीतील समूहाचा आवाज त्यांच्याकडे एका माणसाच्या आत्मकथनात उतरला, ही त्यांची खरी कामगिरी होय. ते १९९५ मध्ये परभणी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि गिरणगावात त्याचा घरच्या सोहळ्यासारखा आनंद झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या नंतर बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा मार्ग खुला केला आणि २००१ मधील दुरुस्तीने मोकळ्या जागेतील सार्वजनिक हिस्सा कमी झाला. संपाने शाहिरी जवळजवळ मूक केली. कलापथकांना उभे करणारी संघटनाच उरली नव्हती. त्यानंतरच्या साहित्यात गिरणगाव मुख्यतः ओसरत्या घराच्या रूपात येते. जयंत पवार (१९६०–२०२१) यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात लालबाग-परळच्या चाळीतील एक कामगार कुटुंब संपानंतर विस्कटत जाते. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसरा गुन्हेगारीकडे ओढला जातो आणि आई संसार सांधत राहते. या नाटकावर महेश मांजरेकर यांनी ‘लालबाग परळ’ हा चित्रपट (२०१०) काढला; त्यात हिंसा ठळक झाली व नाटकातील घुसमट विरळ झाली. पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहास २०१२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. शीर्षकातील पक्षी पुराणकथेतला असला, तरी लोअर परळच्या रहिवाशाला त्यात फिनिक्स मिल व तिच्या जागी उभे राहिलेले झगझगीत खरेदीसंकुल दिसल्यावाचून राहत नाही.

मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगार, शाहीर, खानावळवाल्या व कार्यकर्ते यांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि नंतर मराठीत आला. छापील संहिता नसलेल्या अनेक गाण्यांचे प्रसंग त्यात गाणाऱ्यांच्याच तोंडून नोंदले गेले आहेत. चालींची ध्वनिमुद्रणे मात्र विखुरलेली आहेत. शाहिरी व डबलबारी यांत शब्दाइतकाच चालीला अर्थ असल्यामुळे हयात बुवा व शाहीर यांच्याकडून त्या मुद्रित करून घेण्याचे काम तातडीचे आहे.