शेकड्याचा दर, घरभराचे कष्ट

नागभीडच्या जंगलकाठच्या गावांत उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी दिवसावर नाही, पुड्यांवर मिळते. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने; शंभर पुड्यांना ७,००० पाने. पहाटे तोडणारे नवरा-बायको, घरी पुडे बांधणारी आजी, सगळ्यांचे कष्ट फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, एकाच आकड्यात मोजले जातात. म्हणून दिवसाची मिळालेली रक्कम माणसांवर विभागून पाहा. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. माणशी त्याहूनही कमी पडले, तर मजुरी अपुरीच.

वाढ मिळते ती विक्रीच्या हक्कातून. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ने २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकायला घेतला. तुमच्या ग्रामसभेचा सामूहिक दावा राहिला असेल, तर आता दाखल करा.