नारिंगीशेजारी निळा

कोन्याक नागांची जुनी माळ पहिल्यांदा पाहिली की आपल्याकडची दागिन्यांना सरावलेली नजर दचकते. वीटकरी लाल, त्याला चिकटून मोरपिशी निळा, लगेच पिवळा, मध्ये पांढरा, आणि पुन्हा नारिंगी. आपल्या पारंपरिक दागिन्यात रंग येतो तो सोन्याच्या किंवा मोत्याच्या आश्रयाने. चिंचपेटीतला लाल खडा असो, नथीतला हिरवा असो की मंगळसूत्रातली काळी पोत, त्याला सांभाळून घेणारं कुणीतरी शेजारी असतं. नागा माळेत असं थोरलं कुणी नाही. सगळे मणी बरोबरीचे, सगळे भडक आणि खांद्याला खांदा लावून बसलेले. तरी त्यांचं भांडण होत नाही.

मण्यांचे दागिने घडवणाऱ्या आजच्या कलाकारांच्या बोलण्यात 'अनपेक्षित रंगसंगती' हा शब्द वारंवार येतो. नागा टेकड्यांतल्या बायकांनी ही संगती कितीतरी पिढ्यांपूर्वी जमवली आणि ती त्यांना मुळीच अनपेक्षित वाटत नव्हती. दचकणं आपलं आहे, त्यांचं नव्हे. त्यांच्या माळेत रंग कुठून आले आणि कसे बसवले गेले, हे पाहिलं की ते दचकणंही हळूहळू ओसरतं.

आधी एक खुलासा. नागा हे एका जमातीचं नाव नाही. अंगामी, आओ, सुमी, लोथा, चाखेसांग, कोन्याक अशा अनेक जमाती आणि शेजारच्या मणिपुरातले तांगखुल हे सारे त्यात येतात. प्रत्येकीची माळ वेगळी. अंगामींच्या माळेत पुढच्या बाजूला अकीकाचे लांबट मणी, शंखाचे पांढरे तुकडे, गडद निळी किंवा काळी काच, आणि मानेवर मागे शंखाची मोठी चकती. कोन्याकांकडे बारीक काचमण्यांचे अनेक पदर आणि रंगांची रेलचेल जास्त. जाणकाराला माळ पाहून जमात सांगता येते. 'नागा नेकलेस' एवढ्याच पाटीखाली सगळ्या माळा एकत्र टांगणाऱ्या दुकानदाराला अर्थातच त्याची गरज वाटत नाही.

गंमत अशी की ज्या मण्यांनी ही माळ ओळखली जाते, त्यातला जवळजवळ एकही मणी त्या डोंगरात तयार झालेला नाही. तिथे अकीकाची खाण नव्हती आणि काचेची भट्टी नव्हती. शंखाचा समुद्र तर फारच लांब. शंख आला दक्षिणेच्या समुद्रातून बंगालमार्गे. काच आली आधी भारतातल्याच भट्ट्यांतून आणि पुढे व्हेनिस आणि बोहेमियातून, कोलकात्याच्या व्यापाऱ्यांच्या हातून. नारिंगी अकीक मात्र आला पार दुसऱ्या टोकाहून, गुजरातमधल्या खंबायतहून.

या नारिंगीचं मूळ आपल्या काळ्या कातळात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना वायूच्या बुडबुड्यांमुळे खडकात पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचत गेली आणि अकीक तयार झाला. नद्यांनी खडक झिजवला आणि अकीकाचे गोटे वाहून नेले. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरजवळच्या थरांत ते खणून काढतात. हा व्यापार किती जुना? इ. स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी वाटाड्या ग्रंथात पैठणहून भरूच बंदराला गाड्यांतून जाणाऱ्या अशाच जातीच्या दगडांची नोंद आहे. त्याच्याही कितीतरी आधी सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो आणि लोथलमध्ये अकीकाचे मणी घडत होते.

खाणीतून निघालेला दगड नारिंगी नसतो. पिवळट, मातकट, काहीसा मेणचट दिसतो. त्याला आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यात भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं आणि त्याचं हेमॅटाइट होतं. हाच तो लाल-नारिंगी. आच घाईने चढली तर गोटा तडकतो, कमी पडली तर रंग उमलत नाही. म्हणून एकाच मडक्यातले दोन मणीसुद्धा एका रंगाचे निघत नाहीत. एक गाजरासारखा, दुसरा विटेसारखा, तिसऱ्यात दुधी पट्टा. हे पुढे माळेत फार उपयोगी पडतं, त्याबद्दल नंतर.

मग घडाई. जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकावर दगड टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाचं डोकं असलेल्या हलक्या हातोडीने ठोका द्यायचा. कपचा उडतो तो सळईच्या बाजूने. शिंगाची हातोडी मऊ असते म्हणून दगड फुटत नाही, सोलला जातो. मग कमानीने फिरवायच्या गिरमिटाने, टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवून भोक पाडतात. अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. लांब मण्यात ही दोन भोकं मध्ये अचूक भेटली पाहिजेत. नागांना लागणारे लांबट, कोनदार मणी म्हणूनच कठीण आणि महाग.

या रंगाची एक बाजू बोलली जात नाही. अकीक घासताना उडणारी धूळ म्हणजे बहुतांशी सिलिका. कुरुंदाच्या चाकावर कोरडा दगड घासणाऱ्या खंबायतच्या अनेक कामगारांच्या फुफ्फुसात ती साचत गेली आणि त्यांना सिलिकोसिस झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने यावर काम केलं आहे, धूळ ओढून घेणारी यंत्रंही सुचवली गेली. दागिन्यावर 'हस्तनिर्मित' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ठाऊक करून घ्यावं, असं मला वाटतं. हात कुणाचे आणि कशाच्या मोलाने, हा प्रश्न त्या शब्दातच आहे.

काचेची गोष्ट रंगाच्या दृष्टीने आणखी मजेशीर. ईशान्येत सगळ्यात मानाचा जुना काचमणी म्हणजे मळकट लाल, अपारदर्शक, अगदी बारीक. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लिखाणात तो 'देवमणी' या नावाने येतो. या जातीचे मणी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूसारख्या ठिकाणी तयार होत आणि पार आग्नेय आशियापर्यंत जात. आंध्रातल्या पापनायडुपेट या गावाने ती पद्धत अलीकडेपर्यंत जिवंत ठेवली. 'लाडा' नावाच्या लांब लोखंडी नळीवर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, त्याला पोकळ ठेवून भट्टीतून बारीक नळी सतत ओढत राहायची, नळीचे तुकडे करायचे, राखेत घोळवायचे आणि पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. राखेमुळे भोक बुजत नाही आणि मणी एकमेकांना चिकटत नाहीत.

तो मळकट लाल येतो तांब्यापासून. भट्टीत हवा कोंडून ठेवली, तरच तांबं काचेला लाल करतं. हवा लागली की तेच तांबं मोरपिशी निळा-हिरवा रंग देतं. म्हणजे नागा माळेत शेजारी बसलेला वीटकरी आणि मोरपिशी ही परस्परविरोधी वाटणारी जोडी बऱ्याचदा एकाच धातूची असते! पिवळा शिसं आणि कथलातून, गडद निळा कोबाल्टमधून. काच करणाऱ्याकडे रंगांची मोठी पेटी नव्हती. भट्टी जे देईल तेवढेच मोजके रंग, आणि तेही सगळे ठणठणीत. फिके, मधले, धूसर रंग त्या पेटीतच नव्हते.

इथे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचं नाव घ्यायला हवं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेलं त्यांचं पुस्तक अकीकावर पांढरी नक्षी कोरलेल्या मण्यांवर आहे, आणि १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेलं दुसरं भारतीय काचेच्या इतिहासावर. नेवासे, तेर, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी अशा आपल्याच उत्खननांत निघालेले बारीक काचमणी मापून, वर्गवारी लावून पाहणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी ते एक. फुंकर मारली तर उडून जातील एवढ्या मण्यांवर आयुष्य घालणाऱ्या या माणसाची आपल्याकडे फारशी आठवण काढली जात नाही.

आता ओवणं. आपल्याकडे पटवेकरी दागिना गाठवतो तेव्हा गोफ, गोंडा आणि गाठ यांत त्याचं कसब दिसतं. नागा माळेत कसब दिसतं ते पट्ट्यांत. अनेक पदरांची माळ गळ्यावर एकावर एक चढू नये म्हणून मध्ये मध्ये हाडाच्या किंवा शिंगाच्या चपट्या पट्ट्या घालतात. पट्टीला जितके पदर तितकी भोकं. त्यामुळे सगळे सर समांतर राहतात आणि माळेचे कप्पे पडतात. टोकाला सुताची वेणी, एका बाजूला फास, दुसरीकडे बटण. हे बटण अनेकदा ब्रिटिश काळातलं चांदीचं नाणं असतं. राजाचा मुखवटा मानेमागे दडवून ठेवायची ही सोय मला फार आवडते.

हे कप्पेच रंगांना आवरतात. एका कप्प्यात सगळे पदर नारिंगी, पुढच्यात सगळे निळे. किंवा लांब पट्टा वीटकरी आणि त्याला पिवळ्याची बारीक कड. रंग फवारल्यासारखे पसरलेले नसतात. बारीक मणी एकाआड एक ओवले तर चार हातांवरून डोळा त्यांची सरमिसळ करतो आणि नारिंगी-निळ्याचा मिळून करडा गढूळपणा उरतो. तेच रंग ठोकळ्याने ठेवले की दोन्ही उजळतात. हाडाची पांढरी पट्टी किंवा शंखाचा तुकडा मध्ये आला की डोळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

याची शास्त्रशुद्ध मांडणी फ्रान्समध्ये एका तक्रारीतून झाली. पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे आणि भिंतपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये आला. विणकरांचं म्हणणं होतं की काळी लोकर निळ्या-जांभळ्याशेजारी फिकी पडते, रंग कच्चा आहे. त्याने तपासलं तर रंग पक्का होता. दोष शेजाराचा होता. प्रत्येक रंग शेजारच्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हे त्याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी, म्हणून ते शेजारी आले की दोघंही अधिक तीव्र दिसतात. नागा बाईला हे सांगायला शेव्हरलची गरज नव्हती. पण तिची माळ का पेटते, हे आपल्याला त्याच्याकडून नीट कळतं.

तीव्रता वाढली तर डोळा थकायला हवा. तो थकत नाही, कारण हे नारिंगी खरं म्हणजे तपकिरीच्या बाजूला झुकलेलं असतं आणि, वर सांगितलं तसं, कुठलेही दोन मणी अगदी सारखे नसतात. अपारदर्शक काच प्रकाश गिळते, चमकत नाही. नागांच्या अंगावरची काळी-लाल शालही मदत करते. ॲक्रिलिकच्या मण्यांतून याची नक्कल करून पाहा. सगळे नारिंगी मणी एका साच्यातले, सगळे चकचकीत. कप्पे तेच, क्रम तोच, तरी माळ लहान मुलांच्या खेळण्यासारखी दिसते. रंगाचं नाव तेच राहतं, पण मणी बदललेला असतो.

माळ केवळ शोभेची नव्हती. कोणती ओवायची, कुणी घालायची याला गावात नियम होते. कोन्याकांमध्ये पितळेची छोटी मुंडकी लटकवलेली माळ शत्रूचं शीर आणणाऱ्या योद्ध्याचा हक्क असे. मोठी मेजवानी देऊन मान मिळवल्यावरच काही वस्त्रं आणि दागिने अंगावर येत. मणी आईकडून मुलीकडे जात. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यातलं पुष्कळ लिहून ठेवलं आणि पुष्कळ वस्तू इंग्लंडला पाठवल्या; ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात त्या आहेत.

आज कोहिमा-दिमापूरच्या बाजारात काचेच्या, रेझिनच्या, प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा एकाच दोरीवर टांगलेल्या दिसतात. दर डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत किसामा इथे भरणारा हॉर्नबिल महोत्सव २००० मध्ये सुरू झाला. तिथे नव्या कारागीर मुली जुन्या रंगांत फुलं, झुमके, कमरपट्टे ओवतात. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. मला त्यात गैर वाटत नाही, कारण व्हेनिसचा मणी पहिल्यांदा या डोंगरात आला तेव्हा तोही परका आणि नवाच होता. ज्याला जे मिळालं ते त्याने आपल्या शिस्तीत ओवलं.

आपल्याकडच्या कुणाला या रंगांवरून काही करायचं असेल, तर भुलेश्वरच्या किंवा रविवार पेठेच्या दुकानात जाऊन एकाच नंबरचा नारिंगी पुडा उचलू नये. तीन-चार दुकानांतून जवळजवळ सारखे, पण सारखे नसलेले पुडे घ्यावेत आणि एका वाटीत मिसळावेत. निळा एकच घ्यावा आणि नारिंगीच्या चौथाईहून जास्त वापरू नये. पांढऱ्यासाठी चुनेरी पांढरा नको, हाडाचा पिवळसर हवा. आणि ओवून झालं की ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीशी नेऊन पाहावं. दुपारच्या उजेडात जे दोन मणी एकमेकांना मारतात, ते तिथे लगेच कळतात आणि उसवायला दोराही अजून मोकळा असतो.