उसाच्या हंगामात रस्ता सांभाळा



दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूरपर्यंतचे रस्ते ऊसगाड्यांनी भरून जातात. तोडलेला ऊस वाळून वजन घटते, म्हणून घाई असते. पण उसाबरोबर गेलेला माणूस धडपणी घरी आला पाहिजे, हे आधी.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. अपघात झाला की आपण नशिबाला नाहीतर रस्त्याला बोल लावतो. खड्डे असतातच; पण पुष्कळदा एकाची घाई आणि दुसऱ्याचा गाफीलपणा एकाच जागी गाठ घेतात.

असे का होते? ताशी ६० किलोमीटरने धावणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. पुढचे दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपते. थांबायला आणखी निदान तेवढेच लागते, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. आता पुढे उसाची ट्रॉली उभी आहे, मागे दिवा नाही, आणि समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर येतो आहे. ट्रॉली दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. इथे एकाचा वेग आणि दुसऱ्याचा अंधार, दोन्ही कारणीभूत.

पायी चालणाऱ्याचाही एक गैरसमज असतो. 'मला गाडीचा दिवा दिसतो, म्हणजे गाडीवाल्याला मी दिसतो' असे त्याला वाटते. तसे नसते. गडद कपड्यातला माणूस अगदी जवळ आल्यावरच दिसतो. डोक्यावर वैरणीचा भारा असेल, तर त्यालाही बाजूची गाडी दिसत नाही.

तेव्हा एवढे करा :

१) ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांना तांबडे रेडियम लावा आणि मागचा दिवा चालू ठेवा. उसाचे शेंडे त्यावर लोंबू देऊ नका. बैलगाडीलाही मागे रेडियम लावा.

२) शेतात वळताना ट्रॅक्टरचा एकेक ब्रेक वेगळा वापरतो. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक खटक्याने जोडा. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर फिरून उलटतो.

३) मडगार्डवर किंवा उसाच्या भाऱ्यावर माणूस बसवू नका.

४) गाडी बंद पडली तर रस्त्याच्या खाली घ्या. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. मागे राहिलेला दगड रात्री दुसऱ्याचा जीव घेतो.

५) पायी जाताना उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळची गाडी समोरून येताना दिसते. अंधारात पांढरे कापड अंगावर घ्या, हातात बॅटरी ठेवा. पोरांना रस्त्याच्या आतल्या बाजूला धरू नका, कडेला धरा.

६) मोटारसायकलवर शिरस्त्राण घाला, गावात वेग कमी करा. दारू पिऊन कोणतेही वाहन चालवू नका.

आणि अपघात दिसलाच, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने जखमीला टाकून जाऊ नका.

रेडियमची पट्टी थोडक्या पैशांत मिळते. पहिली खेप भरण्याआधी ती लावा.