ढाल कोणाच्या हाती, हाच खरा आक्षेप!

अमेरिकेत सिनेमातील एका काल्पनिक सुपरहिरोचा वर्ण बदलतो आणि त्याचे चाहते संतापतात. त्याच्याशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचक विचारतील. संबंध आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याची बाबासाहेबांनी आस्थेने दखल घेतली होती. त्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून मागितल्या होत्या. त्याच समाजातला सॅम विल्सन आज पडद्यावर 'कॅप्टन अमेरिका' आहे. त्याच्या हाती ढाल आली आणि 'हा आमचा मूळ नायक नव्हे' अशी ओरड काही चाहत्यांनी सुरू केली. 'मूळ' आणि 'शुद्ध' या शब्दांनी हजारो वर्षे आमच्या समाजाला वेशीबाहेर ठेवले. म्हणून हे शब्द जगात कुठेही उच्चारले गेले, की त्यांची उलटतपासणी घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिला प्रश्न असा, की या चाहत्यांना बदलच नको आहे काय? पुरावा तसे सांगत नाही. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांचा सुपरमॅन छापून आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो फक्त लांब उड्या मारीत असे. उडण्याची शक्ती त्याला नंतर मिळाली. ज्या क्रिप्टोनाइटपुढे तो हतबल होतो, ते १९४३ मध्ये रेडिओवरील मालिकेतून आले. पुढे त्याचे कपडे बदलले, कथा बदलल्या, मेलेला सुपरमॅन जिवंतही झाला. यातले बहुतेक बदल चाहत्यांनी पचवले.

मग पोटात दुखते कधी? 'थॉर' या २०११ च्या चित्रपटात हाइमडाल या देवाची भूमिका इद्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाला मिळाली, तेव्हा गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या एका संघटनेने बहिष्काराची हाक दिली. परग्रहावरून इंद्रधनुष्याच्या पुलाने येणारे देव त्यांना चालले, फक्त पुलाच्या दारावरचा पहारेकरी काळा चालला नाही! २०१५ च्या 'फॅन्टास्टिक फोर'मध्ये जॉनी स्टॉर्म मायकेल बी. जॉर्डनने साकारला. जॉनी काळा आणि त्याची बहीण गोरी कशी, असा सवाल झाला. चित्रपटात तिला दत्तक घेतल्याचे दाखवले होते. दत्तक बहीण ही कायद्यानेही बहीण आणि मायेनेही बहीण, एवढे साधे ज्ञान त्या विद्वानांना नसावे. तो चित्रपट पडला आणि समीक्षकांनीही त्याला झोडपले. वाईट चित्रपटाला वाईट म्हणण्याचा प्रेक्षकाचा हक्क आम्हाला मान्य आहे. पण चित्रपट पाहण्याआधीच नटाच्या कातडीवर निकाल देणे ही समीक्षा नव्हे, तो निव्वळ वर्णद्वेष आहे.

येथे आमच्या घटनेचा एक न्याय उपयोगी पडतो. २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींच्या पीठाने केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने सांगितले, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. हाच निकष कॅप्टन अमेरिकेला लावून पाहू. या नायकाची मूलभूत चौकट कोणती? जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू कलावंतांनी तो निर्माण केला. मार्च १९४१ अशी तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दिसतो. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. वंशश्रेष्ठत्वाच्या राक्षसाशी लढणे हा त्याचा जन्महेतू आहे. सोनेरी केस आणि गोरी कातडी हे त्याचे तपशील आहेत.

ही चौकट खरोखर मोडली गेली ती २०१६ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात निघालेल्या अंकात जुना गोरा कॅप्टन स्टीव्ह रॉजर्स हा हायड्रा या संघटनेचा छुपा हस्तक असल्याचे दाखवले गेले. पडद्यावर हीच हायड्रा नाझींच्या पोटातून जन्मलेली आहे. असंख्य वाचक संतापले. ज्यू निर्मात्यांच्या नायकाला नाझींच्या पंक्तीला बसवता काय, असा जाब त्यांनी विचारला. तो संताप आम्ही न्याय्य मानतो, कारण तो नायकाच्या हेतूसाठी होता. सॅम विल्सनवरचा राग मात्र त्याच्या रंगासाठी आहे. दोघांनाही 'चाहत्यांची नाराजी' अशा एकाच नावाने ओळखणे म्हणजे फिर्यादी आणि आरोपी यांना एकाच पिंजऱ्यात उभे करणे होय.

सॅम हा काही उपरा नाही. 'फाल्कन' या नावाने तो १९६९ पासून कॅप्टनच्या खांद्याला खांदा लावून लढतो आहे. कॉमिक्समध्ये २०१४ साली आणि पडद्यावर २०१९ साली स्टीव्हने स्वतः ढाल त्याच्या हाती सोपवली. २०२१ च्या मालिकेत तीच ढाल सरकारने परस्पर एका गोऱ्या सैनिकाला दिली आणि सॅमला ती लढून परत मिळवावी लागली. पात्रता सिद्ध करूनही दाराबाहेर ताटकळणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच मालिकेत आयझाया ब्रॅडली भेटतो. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी २००३ मध्ये हे पात्र निर्माण केले. कॅप्टनला शक्ती देणारे औषध कृष्णवर्णीय सैनिकांवर टोचून पाहिले गेले, त्यातला वाचलेला हा माणूस. इतिहासाने त्याचे नाव पुसून टाकले. ही कथा कल्पित असली, तरी तिच्यामागे टस्कगीचे सत्य उभे आहे. १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने अलाबामातील सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर प्रयोग केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलीन हाती आल्यावरही ते त्यांना दिले नाही. रोग वाढून माणूस कसा मरतो, हे सरकारी डॉक्टर टिपून ठेवीत होते! १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. ढाल सॅमच्या हाती गेली, की मागोमाग आयझाया येतो आणि आयझायाच्या मागे टस्कगी येते. 'मूळ नायक परत द्या' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना हा इतिहासच पडद्यावर नको असतो.

या बदलांमागे कंपनीचा नफा आहे, हा आक्षेपही आम्ही झाकून ठेवीत नाही. मार्व्हल २००९ पासून डिस्नेच्या मालकीची आहे आणि धंदा हा तिचा धर्म आहे. सुपरमॅनचे हक्क सीगल आणि शूस्टर यांच्याकडून १३० डॉलरना विकत घेणारे हे क्षेत्र. ते कोणाच्या मुक्तीसाठी चालत नाही. म्हणून नुसता चेहरा बदलला यावर समाधान मानता येत नाही. लेखणी कोणाच्या हाती आहे, हेही विचारावे लागते. २०२१ च्या मालिकेचे प्रमुख लेखक माल्कम स्पेलमन हे कृष्णवर्णीय होते. आयझायाचा अपमान आणि सॅमची घालमेल त्या मालिकेत खरी वाटते, याचे एक कारण ते आहे असे आम्हाला वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅम पहिल्यांदा स्वतंत्र चित्रपटाचा कॅप्टन झाला. तो चित्रपट चांगला की वाईट, यावर खुशाल भांडावे. मात्र देशाचे नाव धारण करण्याचा अधिकार जन्माने ठरतो की कर्तृत्वाने, हा प्रश्न निकालात निघालेला आहे. बाबासाहेबांनी घटनेतून त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. आमची मुलेही हे चित्रपट पाहतात. 'मूळ' शब्द ऐकला, की आधी मुळाशी काय आहे ते तपासायचे, एवढे आपण त्यांना शिकवू या.

जय भीम!