पायांच्या धमन्या (लेखांक ५) : आडवं करून कळेना, तर चालवून बघा

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे निर्देशांकाचं गणित मागच्या आठवड्यात पाहिलं. उत्तर ०.९० किंवा त्याखाली आलं, की पायाची धमनी अरुंद झाली असं धरतात. पण काहींची तक्रार अगदी पुस्तकातल्यासारखी असते : ठरावीक अंतर चाललं की पोटरी धरते, नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत सुटते. आणि पलंगावर आडवं करून मोजलं तर आकडा येतो ०.९५. मग दुखणं खोटं का?

नाही. आराम करणाऱ्या स्नायूला रक्त लागतंच किती! तेवढं चिंचोळ्या धमनीतूनही पोचतं. चालू लागल्यावर स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि चिंचोळ्या जागेपुढचा दाब कोसळतो. दुपारी चौथ्या मजल्यावर पाणी व्यवस्थित येतं, सकाळी सगळ्यांचे नळ सुटले की करंगळीएवढी धार, तसंच हे.

म्हणून ट्रेडमिल. नेहमीची पद्धत अशी : वेग ताशी ३.२ किलोमीटर, चढ १२ टक्के, जास्तीत जास्त ५ मिनिटं किंवा पाय थांबवेल तोवर. कठड्याला हात टेकवायचा तो तोल जाऊ नये इतपतच. हातांवर भार टाकला की माणूस जास्त चालतो आणि चाचणी फसते. छातीला ईसीजीच्या तारा, कारण पायाच्या धमन्या बिघडलेल्यांच्या हृदयाच्याही बऱ्याचदा बिघडलेल्या असतात. पट्टा थांबला की लगेच आडवं करून घोट्याचा दाब मोजायचा. इथे रेंगाळून चालत नाही, कारण सौम्य अडथळ्यात दाब लवकर पूर्वपदावर येतो. निर्देशांक २० टक्क्यांहून जास्त घसरला किंवा घोट्याचा दाब ३० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला, तर निदान पक्कं. ट्रेडमिल नसेल तिथे उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायला लावतात, साधारण ५० वेळा.

पाय दुखले पण दाब ढळला नाही, तर ते उत्तरही मोलाचं. मणक्यातली नलिका अरुंद झाली तरी चालताना पाय भरून येतात. फक्त तिथे उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं.

निदानाबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो उपचाराचा गुण मोजण्याबद्दल. २०१४ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात शिकागोच्या मेरी मॅकडरमॉट आणि कोलोरॅडोचे विल्यम हायट यांनी आमनेसामने बाजू मांडल्या. हायट ट्रेडमिलच्या बाजूचे : वेग आणि चढ आपल्या हातात, औषधांच्या चाचण्यांचा जुना अनुभवही तिच्यावरचाच. मॅकडरमॉट यांचा कौल साध्या मार्गिकेला : ६ मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजा. पट्ट्यावर चालायची नुसती सवय झाली तरी वेळ वाढतो, खोटी गोळी घेणाऱ्यांचासुद्धा.

मला मॅकडरमॉट पटतात, निदान रुग्णाच्या रोजच्या जगण्यापुरत्या तरी. ट्रेडमिलवर थांबलात की चाचणी संपली. मार्गिकेत भिंतीला टेकून पोटरी सुटेपर्यंत थांबता येतं. घड्याळ मात्र चालूच राहतं. बाजारातून पिशवी घेऊन परतणारा असाच थांबत थांबत येतो.

पुढच्या आठवड्यात : दुखेपर्यंत चालणं हाच उपचार कसा ठरतो.