व्यायल्यानंतरचे तीन आठवडे

धार काढायला बसण्याआधी काकू गायीचा कान मुठीत धरतात. मग नाकपुडीवर तळवा ठेवतात. मग डाव्या कुशीच्या खड्ड्यात मूठ दाबून थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. पोट मिनिटाला एकदा-दोनदा मुठीला आतून ढकलतं. बघणाऱ्याला वाटतं, त्या गायीला गोंजारताहेत. खरं तर ती तपासणी असते, आणि गाय नुकती व्यायलेली असली की सकाळ-संध्याकाळ चुकत नाही.

औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या मधल्या शिरड शहापूरच्या काकूंच्या घरी दावणीला दोन गायी आहेत, एक लाल कंधारी आणि एक संकरित. लाल कंधारी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारकडची जात. दूध बेताचं देते, पण व्याली की तासाभरात गव्हाणीला तोंड लावते. संकरित गाय बादली भरते आणि व्यायल्यावर घराची झोप उडवते. हा फरक नशिबाचा नाही. एक लिटर चिकातून दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं, आणि गायीच्या रक्तात एका वेळी फिरणारं कॅल्शियम असतं अवघं तीन ग्रॅमच्या आसपास. दहा लिटर चीक उतरला तर रक्तात आहे त्याच्या कितीतरी पट माल कासेतून बाहेर गेला. हाडांतून आणि चाऱ्यातून तो वेळेवर भरून आला नाही, तर स्नायू काम सोडतात. म्हणूनच दुग्धज्वर बहुधा भरपूर दुधाच्या, तिसऱ्या वेतापुढच्या गायीला आणि व्यायल्यावर पहिल्या तीन दिवसांत गाठतो.

संकरित गाय तिसऱ्यांदा व्याली, तेव्हा मी तिथे होतो. जार आठ तासांच्या आत पडला. काकूंनी तो लगेच पुरायला लावला, कारण गाय तो खाते आणि कुत्री ओढून नेतात. बारा तास उलटूनही जार लोंबत राहिला, तर तो अडकला असं समजून डॉक्टरांना कळवायचं. त्याला दगड बांधायचा किंवा हाताने ओढायचा प्रकार अजूनही गावोगाव दिसतो. त्याने गर्भाशयाला आतून जखमा होतात, जंतू शिरतात आणि गाय पुढे वर्षभर उलटत राहते. हे थांबायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाय उभी होती, पण मागचे पाय सारखे बदलत होती. पायाचा तोल आधी जातो, खाणं त्यानंतर सुटतं. दिवस मावळताना ती खाली बसली आणि मान वळवून तोंड कुशीवर ठेवलं. थोरल्या मुलाने फोन लावला : "डॉक्टर, गाय खात नाही." एवढ्याने डॉक्टरांना काय कळणार? अपचन, ताप, कासदाह, लोखंडाचा तुकडा, कशातही गाय खात नाही. काकूंनी फोन मागून घेतला. "सायेब, काल पहाटं व्याली. तिसरं वेत हाय. जार पडला. दुपारपसून शेण नाही टाकलं. कान गार हायेत, नाकपुडी कोरडी. ताप नाही." डॉक्टरांनी पलीकडून दोनच गोष्टी सांगितल्या : तोंडाने काही पाजू नका आणि तिला आडवी होऊ देऊ नका, मी निघालो.

दोन्ही सूचनांमागे कारण आहे. या अवस्थेत गिळण्याची शक्ती मंदावते. बाटलीने पाजलेलं तेल किंवा गुळाचं पाणी फुप्फुसात उतरतं. गाय कुशीवर आडवी पडली की पोटात वायू साठून ती फुगते. म्हणून दोन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या आणि भुसकटाची पोती लावून तिला बसती ठेवलं. थर्मामीटर गुदद्वारात धरला तेव्हा पारा 100 च्या खालीच थांबला. निरोगी गायीचा तो 101 ते 102.5 अंश फॅरनहाइटवर जातो. दुग्धज्वरात अंग तापत नाही, गार पडतं. "ताप नाही, सकाळी बघू" म्हणणाऱ्याची गाय सकाळपर्यंत राहीलच असं नाही.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवली, मग मानेच्या शिरेतून थेंबाथेंबाने सोडली. एक हात बाटलीवर, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीला लावलेला, कारण घाईने दिलेलं कॅल्शियम हृदय थांबवतं. हे घरी करायचं काम नव्हे. बाटली निम्मी झाली तशी गायीच्या अंगावर थरथर उठली. तिने ढेकर दिली, नाकपुडीवर दव आलं, मग शेण पडलं. शेण पाहून काकू पहिल्यांदा खाली टेकल्या.

कोणताही उपाय सापडण्याआधी दुग्धज्वराने बसलेल्या निम्म्याहून अधिक गायी मरत. 1897 मध्ये डेन्मार्कमधल्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने कासेत पोटॅशियम आयोडाइडचं पाणी भरून पाहिलं आणि गायी उठल्या. पुढे लक्षात आलं की नुसती हवा भरली तरी उठतात. कास ताणली की दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तात राहतं. हे कारण मात्र 1925 च्या सुमारास उलगडलं. उपाय आधी सापडला, समज नंतर आली.

उठलेली गाय दिवसभरात पुन्हा बसू शकते, म्हणून त्या रात्री गोठ्यात कंदील राहिला. पुढचे दोन दिवस कास पूर्ण रिकामी केली नाही.

नंतरचे दिवस कासेचे. व्यायल्यावर कासेला सूज असतेच. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि गाय पाय उचलत नाही. एकच सड गरम, टणक आणि दुखरा लागला तर तो कासदाह. काकू प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढतात. गुठळी, पाणी किंवा रक्त पांढऱ्या बादलीत लपतं, काळ्यावर लपत नाही. मागून पडणारा तांबूस मैला दोन आठवडे चालतो, त्याची काळजी नको. त्याला घाण वास आला आणि सोबत ताप आला, तर गर्भाशय बिघडलं. औषध सुरू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस त्यानंतरही त्या गायीचं दूध घरात किंवा डेअरीत जाता कामा नये.

माझं मत स्पष्ट आहे. जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन करा किंवा गावच्या दवाखान्यात, बोलायचं धार काढणाऱ्या माणसाने. बहुतेक घरांत ती बाई असते, आणि बहुतेक घरांत फोन पुरुषाच्या हातात असतो.

तिसऱ्या आठवड्यात याचा पुन्हा प्रत्यय आला. गाय रवंथ करत होती, कान उबदार होते, ताप नव्हता. काकू म्हणाल्या, "कडबा खाती, पण ढेपंला तोंड लावीना. दूधबी शेरभर कमी." घरच्या इतरांना गाय ठणठणीत दिसत होती. डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवली, ती जांभळी झाली. किटोसिस. दुधात जाणारी ताकद खाण्यातून भरून येत नाही, तेव्हा गाय स्वतःची चरबी जाळते आणि त्यातून रक्तात साठणारे किटोन तिची भूक मारतात. कुणाकुणाला तिच्या श्वासाला गोडसर वासही येतो. शिरेतून ग्लुकोज दिलं, पुढे काही दिवस तोंडाने औषध चाललं.

आटवल्यानंतरच्या महिन्यांत चरबी चढलेल्या गायीला हा आजार जास्त होतो, असं डॉक्टर सांगत होते. काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं आणि शेजारच्या गोठ्याकडे बोट केलं. तिथली गाय पुढच्या महिन्यात व्यायची होती, आणि तिच्यापुढे ढेपेचं घमेलं भरलेलं होतं.