शेवंतेच्या बदलीचा पंचनामा

सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे त्याच्या जागी येणाऱ्याने कोणत्या तारखेस रुजू व्हावे, दप्तर कोणाकडून ताब्यात घ्यावे आणि मागील शिलकेस जबाबदार कोण, याचे नियम ठरलेले असतात. परंतु दूरचित्रवाणीवरील एखाद्या पिशाचाची बदली झाली असता यांपैकी कोणते कलम लागू करावे, हा प्रश्न २०२१ च्या अखेरीस मराठवाड्यातील प्रेक्षकांपुढे उभा राहिला, आणि त्याची चौकशी त्यांनी ज्या चिकाटीने चालविली ती लातूर व नांदेड या दोन्ही ठिकाणी जवळून पाहण्याचा योग मला आला.

प्रकरण झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे. तिचा पहिला भाग २०१६ साली आला. लातूरकर बायका त्या सालाचा उल्लेख अद्याप ‘पाण्याच्या रेल्वेचं साल’ असाच करतात, कारण त्याच एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी लातूर स्थानकात येऊन उभी राहिली होती, आणि घरातील घागरी रित्या असताना पडद्यावरचे कोकणातले हिरवेगार परसू पाहत बसण्यात जे विलक्षण सुख व जी विलक्षण चिडचिड होती ती त्या अजून विसरलेल्या नाहीत. घराचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून ही कथा सुरू झाली; २०१९ साली दुसरा भाग भूतकाळात शिरला आणि त्याने माधव अभ्यंकरांचे अण्णा व त्यांचा जिच्यावर जीव जडला ती अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता घरोघर पोहोचविली; २०२१ च्या तिसऱ्या भागात ही दोन्ही पात्रे पिशाचरूपाने वावरू लागली. मरणाने पात्र जात नाही, उलट त्यास बढती मिळते, असा या मालिकेचा शिरस्ताच पडला होता. अशा स्थितीत नेमळेकर यांनी मालिका सोडली आणि त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या.

लातुरात गंजगोलाईपासून फार दूर नसलेल्या एका गल्लीत, माझ्या नात्यातील एका घराच्या ओट्यावर, सकाळचा स्वयंपाक आटोपून ज्वारी निवडावयास जमणाऱ्या स्त्रियांची जी बैठक भरते, तिच्यात आदल्या रात्रीच्या भागाची चर्चा ठराविक क्रमानेच होते. प्रथम, जिने भाग पाहिलेला नाही अशी एखादी बाई हुडकली जाते, कारण ऐकणारी कोरी असल्याखेरीज सांगण्यास रंग चढत नाही. मग जिची स्मरणशक्ती सर्वमान्य आहे अशी एक काकू सूप पाखडीत भाग सांगू लागते, आणि कोणी दुरुस्ती सुचविली की सूप थांबते, कथन तेवढ्यापुरते मागे जाते व दुरुस्तीसह पुन्हा चालू होते. नव्या शेवंतेच्या दिवशी मात्र कथनास प्रारंभच झाला नाही. “ती नाही माय ही,” असे एकीने जाहीर केले आणि साक्षीपुराव्यास तोंड फुटले.

साडी व गजरा हा पुरावा तत्काळ फेटाळण्यात आला, कारण साडी कोणासही नेसता येते आणि गजरा कोणासही माळता येतो. उरले मान वळविणे, पाऊल टाकणे आणि आवाज. त्यांतही आवाजास सर्वांत अधिक वजन मिळाले, कारण मालिका चालू असताना यांतील निम्म्या स्त्रिया स्वयंपाकघरात आवराआवर करीत असत आणि शेवंता त्यांना दिसण्यापूर्वी ऐकू येई. तेवढ्यात घरातल्या धाकट्या सुनेने बचावाचा मुद्दा काढला: “भूतच हाय ती. तिला कोणतंबी तोंड घेता येतंय की.” मुद्दा बिनतोड होता, क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. परंतु काकूंनी ज्वारीतला खडा उचलून बाजूस टाकीत उलटतपासणी केली, “मग अण्णाला का न्हाई बदलावं वाटलं?” आणि मग, काहीशा दुःखाने, “आणि ज्याचा एवढा जीव जडला हुता तिच्यावर, त्याला तरी फरक कळाया पाहिजे की.”

मला या सबंध प्रकरणात हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. नव्या नटीविषयी तेथे एकही अनुदार शब्द निघाला नाही, जुनी का गेली याची विचारपूसही अल्पकाळच झाली. तक्रार एवढीच होती की, जो बदल ओट्यावर बसलेल्या बायकांच्या ध्यानात आला तो खुद्द अण्णांच्या ध्यानात येऊ नये.

नांदेडास वजिराबादेत राहणारे, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले माझे एक परिचित गृहस्थ या तक्रारीस सहमत नव्हते. त्यांनी नजीर दाखविली ती ‘शक्तिमान’ची, जी १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा त्यांची मुले शाळेत होती. त्यात गीता विश्वासची भूमिका प्रथम किटू गिडवाणी करीत, पुढे ती वैष्णवी महंत यांच्याकडे गेली, आणि मुलांनी चार दिवस कुरकुर करून नव्या गीतेस मंजुरी दिली. त्यांची उपपत्ती अशी की, गीता वार्ताहर होती, म्हणजे ते एक पद होते. पद मंजूर असले की इसम कोणी का असेना. “पण शेवंता हे पद नव्हे हो,” असे मी म्हणताच ते बराच वेळ विचारात पडले आणि चहा मागवून त्यांनी विषय तहकूब केला. (माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्या देवावरील ‘जय मल्हार’ मालिकेची चर्चा ऐकावी, तर तेथे हा वादच संभवत नाही, मालिका २०१७ साली संपली, तरी खंडोबा आपल्या जागी कायमच आहे.)

कथेतल्या माणसालाही फरक कळावा, असे काकूंनी जे मागितले ते इंग्लंडात १९६६ साली प्रत्यक्ष घडलेले आहे. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नायक विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे निवृत्त झाले, तेव्हा लेखकांनी डॉक्टर या पात्राचे शरीरच पालटते अशी युक्ती योजून पॅट्रिक ट्राउटन यांस आणले; परंतु खरी शहाणपणाची गोष्ट पुढील कथेत होती, जेथे डॉक्टरचे सोबतीच या नव्या माणसाकडे संशयाने पाहतात व हा तोच कशावरून असे विचारतात. प्रेक्षकाच्या मनातील शंका कथेतल्या माणसाने बोलून दाखविली की ती अर्धी शमते.

लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी येऊन राहिलेल्या मुलांच्या खाणावळीतही, २०२२ च्या पावसाळ्यात, मी हाच सूर ऐकला. तेथे विषय होता ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या इंग्रजी मालिकेतील एडी मन्सनचा, गावाने ज्याला खुनी ठरविले तो मुलगा त्याच गावासाठी जीव देतो. वरणभातावर वाद जुंपला होता, पण एडी मेला याबद्दल त्यांचा आक्षेप नव्हताच. “गावाला शेवटपर्यंत कळालंच नाही ना सर,” हे अहमदपूरकडच्या एका मुलाचे म्हणणे होते, आणि ताटावरून उठेपर्यंत ते कोणी खोडले नाही.

मराठी मालिका लिहिणाऱ्यांस म्हणून एवढीच विनंती करावीशी वाटते. नट येतील व जातील, त्यांच्या करारांशी ओट्यावरील मंडळींस कर्तव्य नाही. परंतु पात्र गेले किंवा पालटले तर कथेतील निदान एका माणसाने थबकून त्याची दखल घ्यावी, त्यास एक प्रवेश पुरे होतो.